गुशेशे उजवीकडे फिरेना

सोमवार, २६ ऑगस्ट २०२४

थुलाचा नियम होता, बिघाड शोधायचा तर वही हवी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. बारा वर्षं मी त्याच्या वह्यांना हसले. मेकॅनिकचे हात तेलकट, पानं एकमेकांना चिकटतात, आणि मला बिघाड कानाने कळतो. पण आता तो नाही आणि गाडी त्याची आहे. म्हणून वही.

आज त्याची गुशेशे त्याच्या आईच्या अंगणातून ओढून माझ्या वर्कशॉपला आणली. गुशेशे म्हणजे जुनी, चौकोनी, मागच्या चाकांवर चालणारी जर्मन गाडी. ही एक आमची अख्खी क्वाथेमा वस्ती ओळखते. मूळ इंजिन आम्ही दोघांनी काढून मोठं बसवलं, त्यावर टर्बो चढवला. थुला ती मैदानात गोल फिरवायचा. आधी डावीकडे, मग एका झटक्यात उजवीकडे, टायरच्या धुरात बघणारी माणसंसुद्धा दिसेनाशी व्हायची. गेल्या वर्षी जुलैत त्याला पुरलं, त्या दिवशी त्याच्या दोस्ताने, लेफाने, ती घरासमोर फिरवली आणि नंतर ताडपत्रीखाली घातली. चौदा महिने. उंदरांनी बॉनेटखाली संसार थाटलेला. लेंड्या ओंजळीने काढल्या. जेवण गेलं नाही.

२१ सप्टेंबरला थडग्यावरच्या नव्या दगडावरचं कापड काढायचा विधी आहे. थुलाची आई मा-ग्वाला फाटकात उभी राहून म्हणाली, "खेथिवे, दगडाच्या दिवशी ती फिरली पाहिजे. दोन्ही बाजूंनी. तो फिरवायचा तशी."

"आणि नाही फिरली तर, मा?"

"तर सोमवारी भंगारवाला येईल. माझ्या अंगणात आणखी एक मेलेलं मला नको."

एवढं बोलून तिने पेट्रोलच्या झाकणावर हात ठेवला. "आतलं सगळं काढून टाकू नकोस हं. थोडं राहू दे."

म्हातारीला गाडीतलं काय कळतं. चौदा महिन्यांचं पेट्रोल नुसतं वास मारतं, इंजिनाच्या कामाचं नसतं. खालून पंपाचा पाइप सोडला, येईल तेवढं उपसलं, लेफाने डब्यातून आणलेलं नवं भरलं. खरं तर मागची सीट काढून टाकीचं झाकण उघडून आत बघायला हवं होतं. पण सीटवर थुलाचं लाल जॅकेट आणि टोपी अजून तशीच पडली आहेत. कोण हलवत बसणार. राहू दिलं.

पहिल्याच चावीला इंजिन लागलं. लेफा रडला. मी नाही. धुराने माझे डोळे चुरचुरतात, ते वेगळं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

शाळेमागच्या मैदानात नेली. चालवायला लेफा. तो आठवडाभर टॅक्सी चालवतो आणि शनिवारी स्वतःला थुलाचा वारस समजतो. हात चांगला आहे, ते मान्य करावं लागेल.

डावीकडे सहा फेऱ्या, झकास. मग उजवीकडे वळवली. दुसऱ्या फेरीत मिसिंग मारायला लागली, तिसरीत बंद. दोन मिनिटं थांबून चावी मारली तर पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. पुन्हा उजवीकडे, पुन्हा तिसऱ्या फेरीत मेली.

बंद पडल्याबरोबर पंधरा-वीस पुरुष हाताची घडी घालून गोळा झाले. एकाला कॉइल वाटली, एकाला प्लग, एकाला कॉम्प्युटर. पांढऱ्या बुटातला एक गृहस्थ मला म्हणाला, "सिसी, तुम्ही बाजूला व्हा, कपडे खराब होतील." सिसी म्हणजे ताई. आणि हे माझा तेलकट डांगरी सूट बघून म्हणाला. शिसारी आली या लोकांची. थुला असता तर हसला असता आणि त्यालाच बॉनेट धरायला लावलं असतं. मला ते जमत नाही. मी शिव्या देते, मग ते खूश होऊन जातात.

पेट्रोल पोचत नाही आहे, एवढं मला आवाजावरून कळलं. टर्बोच्या गाडीत हे जिवाशी येतं. हवा भरपूर आणि पेट्रोल कमी झालं की पिस्टन वितळतो, आणि मग भंगारवाल्याला वेगळं बोलवावं लागत नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

प्रेशर गेजला लांब पाइप लावला, बॉनेटखालून बाहेर काढला आणि गेज काचेवर वायपरखाली चिकटवला, म्हणजे फिरताना आतून दिसेल. मी लेफाच्या शेजारी बसले. डावीकडे फिरताना काटा तीनवर, जागचा हलत नाही. उजवीकडे घेतल्यावर अडीच, दोन, एक, बंद.

लेफा म्हणाला, "पेट्रोल एका बाजूला जात असेल, सिसी. टाकी अर्धी आहे."

बरोबर होतं. फिरताना पेट्रोल टाकीच्या एका कडेला जातं आणि पंपाच्या तोंडाशी नुसती हवा उरते. टाकी काठोकाठ भरली. तरी तिसऱ्या फेरीत बंद. म्हणजे पेट्रोल संपत नाही. काहीतरी आडवं येतंय.

इथे थुलाने वहीत लिहिलं असतं, 'आता फक्त फिल्टर.' मी फिल्टर बदलला, गाडीखालचा पंप बदलला आणि रेग्युलेटरही बदलला. तिन्ही एकदम. अठरा दिवस उरलेत, एकेक करत बसायला मी काय पाद्री आहे? गाडी उजवीकडे दहा फेऱ्या फिरली. लेफाने हॉर्न वाजवत अख्ख्या गल्लीला सांगितलं. नेमकं तिघांतलं काय बिघडलं होतं ते आता कधीच कळणार नाही. गाडी चालते आहे, मग कळायचंय कुणाला.

शनिवार, ७ सप्टेंबर

कळायचं होतं मला.

पुन्हा तेच. उजवीकडे, तिसरी फेरी, बंद. चार दिवसांपूर्वी बसवलेला नवा फिल्टर काढून करवतीने कापला. आतला कागद पांढरा असायला हवा, तो तपकिरी. वर बुळबुळीत थर, चिखल म्हणावा तर चिखल नाही. बोटाने चोळलं तर कण लागले, बारीक, कोंड्यासारखे. नखात अडकले. तीन वेळा साबणाने हात धुतले तरी वास जाईना.

पंप विकणाऱ्याला मी मनात शिव्या देत होते, तो सुटला. पंपाचा यात काही दोष नव्हता. घाण टाकीतून येते आहे, म्हणजे टाकीत कुणीतरी घातली. आणि गेल्या आठवड्यात पेट्रोल भरून आणलं कुणी? लेफाने. डब्यातून.

मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "कुठून भरलंस? केरोसीन मिसळलेलं स्वस्त मिळालं का?"

तो आधी हसला. मी थट्टा करते आहे असं वाटलं असेल. "सिसी, पंपावरून भरलं. जिथून तू भरतेस तिथूनच."

"मग हे काय आहे?" फिल्टरचा कापलेला तुकडा त्याच्या छातीवर फेकला. पांढऱ्या शर्टावर डाग पडला.

त्याने डाग हाताने झटकला. मग म्हणाला, "थुलाच्या आजारपणात तू एकदा तरी दवाखान्यात आलीस का? मातीच्या दिवशी फाटकाच्या आत पाय ठेवलास का? बाहेर भिंतीला टेकून उभी होतीस, मी बघितलं. आणि आता त्याच्या गाडीत घाण कुणी घातली ते मला विचारतेस."

चावी बॉनेटवर ठेवली आणि गेला. म्हणजे आता चालवणाराही नाही.

त्याचा शर्ट धुतला तर निघेल तो डाग. नाही निघाला तर नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

कामाला हात लावला नाही. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. एकाला सांगितलं, सस्पेन्शन बसलंय. न बघताच सांगितलं. नंतर बघितलं तर खरंच बसलं होतं, त्यामुळे माझी आणखीच चिडचिड झाली.

लेफाने जे म्हटलं त्याचं उत्तर इथे लिहून ठेवते, त्याला देणार नाही.

मी आणि थुला गेल्या वर्षी जूनमध्ये भांडलो. याच गाडीवरून. त्याला मोठा टर्बो हवा होता, मी म्हटलं इंजिन झेपणार नाही. तो म्हणाला, "तुला सगळ्याचीच भीती वाटते, खेथी. तू प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणतेस, मग विचार करतेस." यात टर्बोचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी पाना टेबलावर आपटला आणि म्हटलं, दुसरी मेकॅनिक शोध. तीन दिवसांनी त्याला ताप आला. एकोणीस दिवस दवाखान्यात होता. सगळ्यांनी सांगितलं, न्यूमोनिया आहे, तरणा माणूस आहे, घरी येईल. घरी आला की भांडण मिटवू, असं मी ठरवलं होतं. वर्कशॉपमध्ये मी एकटी, काम सांडलेलं. मला वेळ नव्हता.

वेळ होता. दवाखाना टॅक्सीने वीस मिनिटांवर आहे.

मातीच्या दिवशी फाटकापर्यंत गेले. आत बायका चटईवर बसल्या होत्या, उम्कोंबोथीचं, आमच्या ज्वारीच्या बिअरचं मडकं फिरत होतं. एकेक जण घोट घेत होता आणि थोडी त्याच्यासाठी जमिनीवर ओतत होता. भांडून गेलेल्या बाईने आत जाऊन काय ओतायचं? मला स्वतःचीच किळस आली होती. भिंतीला टेकून उभी राहिले आणि लेफाने गाडी फिरवली तेव्हा निघून आले.

बस. हे या वहीचं काम नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

एक आठवडा उरला. पाऊस नाही, वारा नुसता. खाणीच्या ढिगाऱ्यांची पिवळी धूळ चहात.

मा-ग्वालाचा निरोप आला, गाडी कशी आहे. सांगितलं, चालली आहे. खोटं बोलले.

रविवार, १५ सप्टेंबर

सीट काढली.

त्याआधी जॅकेट उचलावं लागलं. खिशात पुदिन्याच्या गोळ्या होत्या आणि एक बिलाचा कागद, त्यामागे त्याच्या अक्षरात मोठ्या टर्बोचं गणित. किती हवा, किती पेट्रोल, केवढे इंजेक्टर. शेवटी लिहिलेलं, 'खेथीचं बरोबर आहे. झेपणार नाही.' त्यापुढे आणखी एक ओळ होती, मला विचारलेली, ती मी इथे लिहीत नाही. जॅकेट ऑफिसमधल्या खुर्चीवर ठेवलं. मग टेबलावर ठेवलं. मग परत खुर्चीवर.

झाकण उघडून आत टॉर्च मारला. पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर त्याच तपकिरी बुळबुळीचा लेप होता. पंप ओढत असताना कण जाळीला चिकटतात आणि वाट बंद होते. पंप थांबला की ते सुटून खाली पडतात. म्हणूनच दोन मिनिटांनी गाडी साळसूदपणे सुरू होते. पण हे उजवीकडेच का, ते टाकीचा आकार बघितल्यावर कळलं. ती मधे उंच आहे आणि दोन्हीकडे खोल. पंपाचं तोंड एका बाजूला, घाण दुसऱ्या बाजूच्या तळाशी. मी खालून उपसलं होतं ते फक्त या बाजूचं. गाडी उजवीकडे फिरली की पलीकडची घाण उसळून इकडे येते. तीन आठवडे मी गाडीखाली झोपले आणि उत्तर त्या जॅकेटच्या खाली होतं.

पलीकडच्या खळग्यात बारीक नळी सोडून जॅमच्या बाटलीत थोडं काढलं आणि बाटली खिडकीत ठेवली. अर्ध्या तासात दोन थर झाले. वर पेट्रोल, खाली गढूळ तपकिरी पाणी, तळाशी कोंडा. झाकण उघडून वास घेतला आणि बाहेर जाऊन ओकले. आंबट. पेट्रोलच्या आत काहीतरी कुजून आंबलेलं.

कुणीतरी मुतलं असणार टाकीत. दुसरं काय? मेलेल्या माणसाच्या गाडीत. मैदानातल्या त्या पांढऱ्या बुटांपासून थुलाशी हरलेल्या प्रत्येकाचं नाव आठवून बघितलं. किती हलकट आहेत माणसं. मुताच्या तळाशी कोंडा कुठून आला, ते त्यालाच विचारीन.

बाटली ठेवून दिली आहे. ज्याने केलं त्याच्या तोंडावर ओतणार आहे.

बुधवार, १८ सप्टेंबर

मा-ग्वालाकडे गेले. सांगायचं ठरवलं होतं की टाकी उतरवायची म्हणजे एक्झॉस्ट आणि मागचा शाफ्ट काढावा लागतो, चालवणारा निघून गेलाय, शनिवारपर्यंत माझ्याने होणार नाही. भंगारवाल्याला थांबव एवढंच मागणार होते. बाटली पिशवीत घेतली होती, म्हटलं हिला दाखवू लोक काय करतात.

तिच्या मागच्या अंगणात शनिवारची तयारी चालली होती. ज्वारीचं आणि मक्याचं पीठ मोठ्या पिंपात आंबायला घातलेलं, वर गोणपाट. तिने गोणपाट सारून काठी फिरवली आणि वास माझ्यापर्यंत आला.

तोच. नुसतं पेट्रोल वजा करा.

मी पिशवीतून बाटली काढली आणि पिंपाजवळ धरली. काठीला लागलेला कोंडा आणि बाटलीच्या तळाचा कोंडा. आंधळ्यालाही कळलं असतं.

"मा," मी म्हटलं, "हे तुझ्या घरातून गाडीत गेलंय."

तिने बाटली हातात घेतली, उन्हाकडे धरली. जराही गडबडली नाही. "मग? मी तुला सांगितलं होतं, सगळं काढू नकोस."

"तू घातलंस? टाकीत? पेट्रोलच्या टाकीत?"

"मातीच्या दिवशी. पाहुणे गेल्यावर."

माझा तोल गेला. म्हटलं, मा, तीन आठवडे, तीन पार्ट, मी लेफाला सगळ्यांसमोर चोर ठरवलं, गाडीचं इंजिन वितळलं असतं. जमीन काय कमी पडली होती ओतायला? तुझ्या हाताने तू त्याची गाडी मारलीस. असं आईला कुणी बोलत नाही. मी बोलले.

तिने सगळं ऐकून घेतलं. काठी पिंपाच्या कडेवर झटकली. "जमिनीवर माझं ओतलं, पोरी. त्याच्या मामाचं ओतलं. लेफाचंही लेफाने ओतलं. मडक्यात एक वाटा उरला होता."

"कुणाचा?"

"तू भिंतीपाशी उभी होतीस. मला वाटलं येशील. भांडं भरून ठेवलं. तू गेलीस." ती बाटलीकडे बघत होती. "ते जमिनीवर ओतून काय करू? जमिनीशी तुझं काय नातं. तुम्ही दोघं दिवसभर त्या गाडीत डोकं घालून असायचात. म्हटलं, हिचा वाटा तिथेच जाऊ दे, तिथे त्याला मिळेल."

तिने बाटली माझ्या हातात परत दिली. "तुझं आहे ते. ठेव."

घरी आले. एवढे दिवस जिला शिव्या घातल्या, जिच्या वासाने ओकले, ती घाण माझ्याच वाट्याची होती. आता शिसारी कुणाची बाळगू?

गुरुवार, १९ सप्टेंबर

टॅक्सी स्टँडवर गेले. लेफा रांगेत होता, त्याच्या मिनीबस टॅक्सीत चौदा प्रवासी बसलेले. खिडकीशी उभी राहून सगळं सांगितलं. मातीच्या दिवसाचं, मडक्याचं, सगळं. पहिल्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "जरा मोठ्याने बोल गं, मागे ऐकू येत नाही." मोठ्याने सांगितलं. माफी मागितली, तीही मोठ्याने.

लेफा म्हणाला, "शर्टाचा डाग निघाला नाही."

"नवा घेऊन देते."

"नको. तोच घालून येणार आहे शनिवारी."

दुपारी जॅक घेऊन आला. एक्झॉस्ट उतरवला, शाफ्ट उतरवला, टाकी खाली घेतली. साबणाच्या पाण्यात खडी घालून दोघांनी ती अर्धा तास हलवली. आतून जे निघालं त्याकडे बघवत नव्हतं. चार वेळा खंगाळून उन्हात वाळवली. नवी जाळी, नवा फिल्टर.

एकेक गोष्ट केली. प्रत्येकीनंतर इथे लिहिलं. मागच्या पानावर यादी आहे, थुलाने बघितली असती तर नाटकी तोंड करून टाळ्या वाजवल्या असत्या.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मैदान. डावीकडे दहा, काटा तीनवर. उजवीकडे दहा, तीनवर. पुन्हा उजवीकडे वीस. तीन.

लेफाने गाडी थांबवली आणि उतरला. "उद्या तू फिरवायचीस."

"मी दुरुस्त करते. फिरवत नाही."

"बघ, आधी नाही म्हणालीस."

हे त्याला कुणी सांगितलं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात एकोणीस दिवस माणूस काय काय बोलत असेल, देव जाणे.

रविवार, २२ सप्टेंबर

काल पाच वाजता उठले. नीट कपडे घातले, बूट मात्र कामाचेच, कारण क्लच.

फाटकातून आत गेले. चटईवर बायका बसल्या होत्या, जागा शोधत होते, तेवढ्यात मा-ग्वाला उठली. तिने स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यांवर टाकली, पुढे पिन लावली आणि मला आपल्या शेजारी बसवलं. बाकीच्या बायकांनी घरच्या सुनेला देतात तशी सरकून जागा दिली. सप्टेंबरात कसली थंडी, मी घामाने भिजले होते. म्हातारीला ऊन-थंडी काही कळेनासं झालंय. पण काढली नाही, तिला वाईट वाटलं असतं.

कब्रस्तानात पाद्रींनी प्रार्थना केली, मामाने कापड ओढलं. काळा दगड. नाव, तारखा, आणि कोपऱ्यात गाडी कोरलेली, दिवे चुकीचे, ते जाऊ दे. मडकं फिरलं. माझ्यापाशी आलं. मी घोट घेतला, आणि ओतायची वेळ आली तेव्हा शालीखालून जॅमची बाटली काढली. वरचं पेट्रोल मी आधीच काढून टाकलं होतं, तरी वास होताच. मामा पुढे झाला, "हे काय आणलंस?"

मा-ग्वाला म्हणाली, "तिचं आहे. ओतू दे."

दगडाच्या पायथ्याशी ओतलं. तपकिरी पाणी आणि कोंडा, आंबट, चौदा महिन्यांचं. त्याला म्हटलं, उशीर झाला. आणखीही म्हटलं, त्या बिलाच्या कागदावरच्या ओळीचं उत्तर. आधी नाही न म्हणता दिलं.

मग घरासमोर. माणसं भिंतींवर चढली होती. शेजारच्या सीटवर लेफा, डाग पडलेला शर्ट घालून. डावीकडे फिरवली, माझ्या फेऱ्या थुलासारख्या गोल नव्हत्या, अंडाकृती होत्या. मग झटका दिला आणि उजवीकडे घेतली. एक. दोन. तिसरीला मी पेडल आणखी दाबलं. लेफा गेजकडे बघून ओरडत होता, "तीन, सिसी, तीन, तीन." मी किती फेऱ्या घेतल्या ते मोजलं नाही. मागचा टायर फुटला तेव्हा थांबले.

धूर खाली बसल्यावर मा-ग्वाला जवळ आली आणि पेट्रोलच्या झाकणावर हात ठेवला. मी म्हटलं, "मा, आता यात काही घालायचं नाही."

"नाही घालत," ती म्हणाली. "आता तू आत येतेस ना."